ट्रायम्फ स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन घरी उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लंडची दोन सीटांची उघडी गाडी. ही माहिती १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या सगळ्या स्पिटफायरना लागू आहे. स्टँडर्ड हेराल्डवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल. डावी-उजवी बाजू म्हणजे गाडीत बसल्यावरची डावी-उजवी.

नाशिकमध्ये या गाडीचं काम करणारा मिस्त्री मिळत नाही. घरी जमेल का?

जमेल. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन समोर उघडं पडतं. चाक काढून त्या टायरवरच बसायचं आणि कामाला लागायचं, खाली झोपावं लागत नाही. रचनाही साधी आहे. वर एक विशबोन (चाकाला चेसिसशी जोडणारा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा हात), खाली एक विशबोन, मध्ये व्हर्टिकल लिंक नावाचा घडीव पोलादी उभा दांडा, आणि स्प्रिंगच्या पोटात शॉकअब. दांड्याचं वरचं टोक बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे गोळ्याच्या सांध्यात बसतं, खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात फिरतात.

दोघं असाल तर तीन शनिवार-रविवार धरा. पहिल्यात सगळं सुटतं, दुसरा साफसफाईत आणि बाहेरच्या कामात जातो, तिसऱ्यात जोडणी. पहिल्या रविवारी रात्रीच गाडी परत चाकावर उभी करू असं ठरवलंत तर घाई होईल, आणि या कामात घाईची किंमत मोठी असते.

मद्रासच्या हेराल्डचे पार्ट चालतात का?

स्पिटफायर हेराल्डच्याच मुशीतून निघालेली आहे, त्यामुळे ट्रनियन, वरचा बॉल जॉइंट आणि विशबोनच्या सांध्यातले बुश बहुतांशी सारखेच. मद्रासला १९६१पासून हेराल्ड बनत होती आणि तिचा जुना माल अजूनही अधूनमधून जुन्या दुकानांच्या माळ्यावरून निघतो. लोटस कंपनीनेही आपल्या एलान गाडीसाठी ट्रायम्फचेच दांडे उचलले होते, एवढी ही रचना त्या काळी पसरली होती.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. हेराल्डच्या स्प्रिंगा वेगळ्या, त्या घालू नका. आणि बहुतेक हेराल्डना पुढे ड्रम ब्रेक असतात, स्पिटफायरला डिस्क, त्यामुळे अख्खी असेंब्ली उचलून बसवता येईलच असं नाही. नवा पार्ट जुन्याशेजारी ठेवून लांबी, भोक आणि आटे जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणायचा असेल तर जुना नमुना पिशवीत घालूनच निघा. फोटोवर भागत नाही.

नेमकं काय झिजलंय ते उघडण्याआधी कसं ओळखायचं?

एक पुढचं चाक जॅकवर उचला. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर चाळा, म्हणजे सैलपणा, चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर ट्रनियन, बॉल जॉइंट किंवा विशबोनचे बुश. आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला चाळा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाचा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅकचा असतो.

मग खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक घेऊन गाडीचा भार त्यावर घ्या, चाक जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा आणि टायरखाली पहार घालून वर रेटा. एकजण हे करत असताना दुसऱ्याने ट्रनियनच्या वरच्या रबरी सीलवर बोट ठेवावं. दांडा ट्रनियनमध्ये वरखाली उचलला जात असेल तर बोटाला ते लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही.

शॉकअबसाठी जुनीच रीत: बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर गेला.

सगळे ट्रनियनबद्दलच का बोलतात?

कारण बाकी काहीही झिजलं तर गाडी खडखडते, ओढते किंवा टायर खाते. ट्रनियनमध्ये दांडा तुटला तर चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडतं.

नेहमीच्या गाडीत खालीही बॉल जॉइंट असतो. इथे त्याऐवजी पितळी ठोकळ्यात कापलेले आटे आहेत आणि स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. हेराल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, ती याच रचनेच्या जिवावर. आटे तेलात बुडालेले असतील तर हे वर्षानुवर्षं चालतं. तेल संपलं की वरच्या सीलमधून पाणी शिरतं, दांड्याच्या आट्यांवर गंजाचे खड्डे पडतात, पितळ आणि पोलाद एकमेकांना धरू लागतं. मग प्रत्येक वळणावर दांड्याला पीळ बसतो. तडा सुरू होतो तो बहुधा ट्रनियनच्या तोंडाशी, सीलच्या आड, म्हणजे बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी. तुटतो बरेचदा पार्किंगमध्ये, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर, कारण तिथे पीळ सगळ्यांत जास्त. हमरस्त्यावर तुटणारच नाही असा याचा अर्थ नाही.

म्हणून बजेट कमी असेल तर रंग, पॉलिश, शॉकअब सगळं पुढे ढकला. दांडे आणि ट्रनियन आधी.

मिस्त्री म्हणतो ग्रीसच भरा. तेल कशाला?

त्याची सवय बरोबर आहे, बाकी गाड्यांना ग्रीसच लागतं. इथे नाही. घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वरच्या वर वाट काढून बाहेर येतं आणि भरल्याचं समाधान देऊन जातं. काही वर्षांनी तेच वाळून मेणासारखं होतं आणि मागाहून तेल घातलं तरी वाट अडवतं. कंपनीने ईपी ९० गिअर ऑइल सांगितलं आहे. ते नाशिकमध्ये ट्रॅक्टरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. जीएल-४ प्रतीचं मिळालं तर ते घ्या, पितळाला ते सौम्य.

ट्रनियनवर एक छोटा प्लग असतो. तो काढून त्या जागी ग्रीस निप्पल बसवा, तेल फक्त तेलासाठी ठेवलेल्या वेगळ्या ग्रीसगनने भरा. गनमधून तेल थोडं गळतंच, खाली फडकं ठेवा. चाक उचललेलं असू द्या. दुसरा माणूस स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहील आणि तुम्ही गन मारत राहाल. वरच्या सीलमधून आधी काळं, मग तांबूस आणि शेवटी स्वच्छ तेल डोकावलं की थांबा.

कंपनीच्या पुस्तकात ६,००० मैलांचं, म्हणजे साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर दिलं आहे. ते इंग्लंडमध्ये रोज चालणाऱ्या गाडीसाठी. वर्षाला हजार किलोमीटरही न फिरणारी गाडी असेल तर किलोमीटर विसरा, दर तीन महिन्यांनी भरा. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा तर चुकवूच नका.

दांडा चांगला आहे की नाही ते कसं ठरवायचं?

काढल्यावर डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने आटे धुवा. उन्हात, भिंगाखाली पाहा. आट्यांच्या माथ्यावर एकसारखी चमक असेल तर ठीक. टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, विशेषतः सीलच्या पट्ट्यात, असतील तर दांडा बाद. माथे सुरीसारखे धारदार झाले असतील तरी बाद.

दिसायला चांगला असला तरी डाय पेनिट्रंट चाचणी करून घ्या. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत वेल्डिंग तपासणाऱ्यांकडे त्याचे डबे असतात, घरीही करता येते. दांडा क्लीनरने कोरडा स्वच्छ करा. लाल डाय फवारा, पंधरा मिनिटं थांबा. आता क्लीनर थेट फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा, नाहीतर तड्यातला डायसुद्धा निघून जाईल. मग पांढरा डेव्हलपर फवारून दहा मिनिटं पाहत बसा. पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली तर तो तडा.

चाचणीआधी दांडा सँडब्लास्ट करू नका. वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग ठोकला जाऊन तड्याचं तोंड मिटतं आणि चाचणी खोटी ‘पास’ दाखवते. हे सगळं अगदी मन लावून काम करणाऱ्यांच्याच हातून होतं, कारण ते आधी सगळं लखलखीत करून आणतात.

एमआयडीसीत लेथवर नवा दांडा करून घेतला तर?

नाशिकमध्ये लेथवर काय होत नाही! तरीही हा नको. मूळ दांडा घडीव आहे, तो तसा असण्याला कारण आहे. बाजारातल्या गोल रॉडमधून कापलेला दांडा मापाला तंतोतंत बसेल, पण वारंवार पिळला गेल्यावर त्याच आट्यांच्या खाचेत तो किती काळ टिकेल हे कोणी सांगू शकणार नाही. वेल्डिंग करून भरणं तर सोडूनच द्या. लेथवाल्याकडून बुश दाबायचे पंच, स्लीव्ह, विशबोनचे वॉशर खुशाल करून घ्या.

ट्रनियनचा बोल्ट काही केल्या निघत नाही.

या कामातली ही सगळ्यांत ठरलेली अडचण. खालच्या विशबोनमधून जाणारा आडवा बोल्ट ट्रनियनच्या आतल्या पोलादी स्लीव्हमध्ये गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्टचं डोकंही फिरतं, पण बोल्टसोबत स्लीव्हही फिरते.

दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारा. नट बोल्टच्या टोकाशी बरोबरीत ठेवून तांब्याच्या हातोड्याने ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. तेवढ्याने हलला नाही तर जास्त मारामारी नको. विशबोन आणि ट्रनियन यांच्या फटीत हॅकसॉचं नुसतं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. बोल्ट, स्लीव्ह आणि नायलॉनचे बुश नवेच घालायचे असतात, त्यामुळे कापून काही नुकसान नाही. ग्राइंडर वापरलात तर विशबोनच्या पत्र्याला ओरखडा पडू देऊ नका. गॅसने तापवू नका, शेजारी ब्रेकचा होज आहे.

जोडताना नव्या बोल्टला कॉपर ग्रीसचा हात द्या. पुढच्या वेळी उघडणारा तुम्हाला दुवा देईल.

नवा ट्रनियन बसवताना काय चुकतं?

चार गोष्टी.

पहिली, बाजू. उजव्या बाजूचे आटे उजवे, डाव्या बाजूचे आटे डावे. डावा दांडा उलटा फिरवून घट्ट होतो. ‘बसत नाही’ म्हणून जोर लावला की नव्या पितळाचे आटे पहिल्याच फेऱ्यात जातात. बोटांनी सहज फिरलं पाहिजे.

दुसरी, खोली. ट्रनियन पूर्ण तळापर्यंत फिरवायचा आणि मग मागे घ्यायचा, जास्तीत जास्त एक फेरा, विशबोनच्या रेषेत येईपर्यंत. तळाला टेकलेला ठेवलात तर पूर्ण वळवल्यावर दांडा तळाशी अडकतो आणि तिथेच पिळला जातो. बसवल्यावर स्टिअरिंग जोडण्याआधी हाताने दोन्हीकडे पूर्ण फिरवून खात्री करा.

तिसरी, गळती. ट्रनियनच्या बुडाला एक चकती ठोकून बसवलेली असते. नव्या मालातही ती कधीकधी गळते. बसवण्याआधी ट्रनियन तेलाने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर उभा ठेवा. सकाळी कागदावर तेलाचं कडं दिसलं तर चकतीभोवती स्वच्छ करून झाळ द्या किंवा ट्रनियन बदलून घ्या. एका रात्रीचं आणि एका कागदाचं काम आहे. ते टाळलं तर तुम्ही भरलेलं तेल महिन्याभरात फरशीवर आणि पाणी ट्रनियनमध्ये.

चौथी, बुश किटमधले वॉशर आणि रबरी रिंगा. यांचा क्रम दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा असतो. एका बाजूचं नवं किट बसेपर्यंत दुसऱ्या बाजूचं जुनं किट निघाल्या क्रमानेच दोऱ्यात ओवून ठेवा, म्हणजे पाहायला नमुना राहतो. बोल्ट घट्ट झाल्यावर ट्रनियन विशबोनमध्ये हलला पाहिजे, पण आजूबाजूला सरकता कामा नये.

कोणते पार्ट मागवायचे?

दोन्ही बाजू मिळून: ट्रनियन दोन, एक डावा एक उजवा. ट्रनियन बुश किट दोन. वरचे बॉल जॉइंट दोन. विशबोनचे आतले बुश आठ. टाय रॉड एंड दोन. अँटी-रोल बारच्या लिंका दोन आणि चेसिसवरची रबरं दोन. चाकाच्या बेअरिंगचे संच दोन, फेल्ट सीलसकट. रॅकचे माउंट. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) दोन डझन, कारण एकदा काढलेला नायलॉक परत वापरायचा नसतो. कॉटर पिना. ईपी ९० एक लिटर, त्यातलं बरंचसं उरेल. शॉकअब जोडीने, गरज असेल तरच. दांडे तपासून मग.

माझ्याकडे मेट्रिक पाने आहेत. चालतील?

काही चालतील, काही डोकी गोल करतील. गाडीचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत आणि डोकी इंचात. ७/१६ला ११चा पाना बसतो. ५/८ला १६चा जमतो. ३/४ला १९चा घट्ट पण बसतो. १/२ला १३चा सैल पडतो, गंजलेल्या नटावर नको. ९/१६ला १४चा चढतच नाही आणि १५चा फिरतो, आणि सस्पेन्शनवर ९/१६ची डोकी भरपूर आहेत. इंची सॉकेटचा एक संच घ्याच.

बोल्ट बदलताना डोक्यावरच्या खुणा पाहा. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट फाटकाला वापरा. यूएनएफच्या जागी मेट्रिक टॅप मारून देणारा भेटेल, त्याला नमस्कार करून पुढे चला.

पुस्तकातले टॉर्क पाउंड-फुटात असतात. न्यूटन-मीटरसाठी १.३५६ने गुणा. जुन्या किलो-मीटरच्या पान्यासाठी ७.२३ने भागा.

गाडी कशावर उभी करायची?

चेसिसच्या मुख्य पट्टीखाली, सस्पेन्शनच्या मागे, दोन्हीकडे लोखंडी घोडे (जॅक स्टँड). विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नाहीत, ते एकदम फुटतात. अंगणात शहाबादी फरशी असेल तर घोड्याखाली १८ मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा घाला, नाहीतर फरशी तडकते. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर घोड्याचा एक पाय खचतो, तिथेही प्लाय. मागच्या चाकांना पाचरी. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सारून ठेवा.

स्प्रिंग उघडणं किती धोक्याचं?

अख्खं युनिट काढण्यात धोका नाही. वर तीन नट, खाली विशबोनमधला एक बोल्ट, की स्प्रिंग-शॉकअब एकत्र हातात येतं. धोका त्यानंतर. शॉकअबचा वरचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडलात तर वरची ताटली गोळीसारखी सुटते.

भाड्याने मिळणाऱ्या दोन हुकांच्या स्प्रिंग कंप्रेसरने काम होतं, हुक समोरासमोर आणि दोन्ही थोडे थोडे फिरवत. पण आमचं मत विचाराल तर हे युनिट पिशवीत घालून मारुतीचे स्ट्रट उघडणाऱ्या गॅरेजात न्या. भिंतीवरच्या प्रेसवर दहा मिनिटांचं काम आहे आणि बोटं शाबूत राहतात.

स्प्रिंग दबून खचली असेल तर जोडीने बदला. उंची कमी करायला कडी कापून घेऊ नका, आपल्या स्पीडब्रेकरांवर गाडीचं पोट आधीच टेकतं.

बुश रबराचे की पॉलीयुरेथेनचे?

रस्त्यावर फिरवायची असेल तर रबराचे. खड्ड्यांचा धक्का चेसिसपर्यंत कमी पोचतो. पॉलीचे बुश टिकतात, पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले तर पोपटासारखे बोलतात.

जुना बुश काढायला वाइसमध्ये एकीकडे लहान सॉकेट, दुसरीकडे मोठा, आणि आवळत जा. नवा घालताना साबणाचं पाणी, तेल नाही.

बुश नवे, तरी गाडी पुढून उंच राहिली आणि दोन महिन्यांत बुश फाटले. का?

बोल्ट चाक हवेत असताना आवळले म्हणून. रबरी बुशचं आतलं नळकांडं बोल्ट आवळला की जागीच धरलं जातं आणि रबर पीळ खाऊन विशबोनला हलू देतं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबराची ‘शांत’ स्थिती तीच ठरते. गाडी खाली घेतली की ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडीला वर ढकलतं आणि लवकर फाटतं.

म्हणून जोडताना विशबोनचे आतले बोल्ट नुसते हाताने लावा. चाकं घाला, गाडी जमिनीवर घ्या, पुढच्या दोन्ही सीटवर माणसं बसवा. पुस्तकात प्रत्येक सीटवर १५० पाउंड, म्हणजे ६८ किलो सांगितले आहेत. माणसं नसतील तर तेवढ्या वजनाची धान्याची पोती. गाडी दोन-चार हात पुढे-मागे ढकला म्हणजे चाकं मोकळी होतील, आणि मग बोल्ट आवळा. ट्रनियनच्या बोल्टला हा नियम नाही, तिथे नायलॉनचा बुश फिरतोच.

पावडर कोटिंग करू का?

विशबोनना करा. बुशची भोकं आणि जिथे पत्र्यावर पत्रा किंवा नट बसतो त्या जागा झाकून. नटाखालचा जाड थर काही दिवसांत चेपतो आणि घट्ट केलेला बोल्ट सैल होतो. दांड्याला कोटिंग नको, साधा रंग पुरे, उद्या तडा गेला तर दिसला पाहिजे.

चाकाचं बेअरिंग किती घट्ट?

टेपर बेअरिंग आहेत, दाबून बसवायची नसतात. चाक फिरवत फिरवत नट हलक्या हाताने, ५ पाउंड-फूट म्हणजे जेमतेम ७ न्यूटन-मीटरवर आणा, मग षट्कोनाची एक बाजू मागे घ्या आणि कॉटर पिन घाला. अगदी किंचित चाळा राहिला पाहिजे. ‘चाळा नको’ म्हणून आवळलेलं बेअरिंग गरम होऊन जातं. फेल्ट सील इंजिन ऑइलमध्ये भिजवून, पिळून मग बसवा.

ब्रेकचा कॅलिपर काढल्यावर तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. होजवर भेगा दिसल्या तर आत्ताच बदला.

कॅम्बर आणि टो घरी लावता येतं का?

टो, म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते, लावता येतं. टाय रॉड एंड काढताना किती फेरे निघाले ते मोजून लिहून ठेवा, नवा तेवढ्याच फेऱ्यांवर लावा. मग गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. गाडी पुढे ढकला, त्याच खुणा पुढे हबच्या उंचीवर आल्या की परत मोजा. खुणा त्याच असल्यामुळे वाकड्या रिमचा दोष मापात येत नाही. पुढचं माप मागच्यापेक्षा १/१६ इंचाने, म्हणजे दीड मिलिमीटरने कमी असलं की रेडियल टायरला ठीक. फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटून लावा, नाहीतर स्टिअरिंग तिरकं बसतं.

कॅम्बर, म्हणजे पुढून पाहिल्यावर चाक किती कललंय ते, खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागच्या शिमांवर (पातळ पत्र्यांवर) असतो. पुढच्या आणि मागच्या ब्रॅकेटमागे सारख्या शिमा वाढवल्या की चाकाचं बूड बाहेर जातं, म्हणजे कॅम्बर निगेटिव्हकडे सरकतो. फक्त पुढच्या ब्रॅकेटमागे वाढवली तर कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दांड्याचा मागे असलेला कल, कमी होतो, फक्त मागे वाढवली तर वाढतो. उघडताना कुठून किती शिमा निघाल्या ते चिकटपट्टीवर लिहून त्या त्या ब्रॅकेटलाच बांधा. कॅम्बर पाहायला ओळंबा पुरतो: डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर आधी वाकलेलं विशबोन शोधा, शिमा नंतर.

शेवटी एकदा संगणकावर अलाइनमेंट कराच. त्यांच्या यादीत ही गाडी सापडणार नाही, पुस्तकातले आकडे लिहून न्या. आणि मापं दोघं सीटवर बसलेले असतानाची आहेत हे त्या पोराला सांगा, तो हसला तरी.

टायर कुठले?

नंतरच्या गाड्यांना १५५ रुंदीचे १३ इंची. १५५/८० आर १३ वॅगन-आरमुळे सहज मिळतात.

पहिली फेरी कुठे?

कॉलनीतच. दोन्हीकडे पूर्ण वळवून, चालण्याच्या वेगाने, काच खाली करून कान देऊन. मग भल्या सकाळी त्र्यंबक रोडने जाऊन परत, साधारण साठ किलोमीटर होतात. आल्यावर हबला हात लावून पाहा, एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला कॅलिपर. सगळे नट टॉर्क पान्याने परत तपासा. कसारा घाट पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर.

नोंदणीचं काय?

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत ही अट आहे. जीर्ण बुश-ट्रनियन बदलणं हा त्यातला बदल नव्हे, पण सस्पेन्शनच्या नावाखाली चेसिस कापून दुसऱ्या गाडीचं क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी) बसवणार असाल तर आधी विचार करा. अशा नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर चालते.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभीच असते. तेव्हा काही करायचं?

उभी करण्याआधी ट्रनियनमध्ये तेल भरा आणि स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत चार वेळा फिरवा. मग महिन्यातून एकदा पुढची चाकं उचलून पुन्हा तसंच फिरवा, कारण उभ्या गाडीत तेल खाली बसतं आणि वरचे आटे कोरडे पडतात. उभ्या टायरवर जोर लावून स्टिअरिंग फिरवू नका. फिरवताना सीलपाशी पाण्याचा थेंब किंवा दुधाळ तेल दिसलं तर स्वच्छ तेल येईपर्यंत गन मारा, आणि ते सील बदलायच्या यादीत लिहून ठेवा.